पिंजऱ्यात जात दिसत नाही

सिनेमातलं कोर्ट आणि भंडाऱ्याचं कोर्ट यात फरक काय, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगीन की सिनेमातल्या कोर्टात जात ओरडते. खऱ्या कोर्टात ती गुपचूप बाकावर बसून असते, आणि निकालाच्या दिवशी कागदावरून गायब होते.

दोस्तहो, आपण सगळे कोर्टाच्या सिनेमावर वाढलेली पोरं. एक मिशीवाला ठाकूर पाहिजे, येता जाता जातीवरून शिव्या देणारा. एक वकील पाहिजे, रात्र रात्र पुस्तकं चाळणारा. शेवटच्या रिळात साक्षीदार फुटतो, ठाकूर पिंजऱ्यात थयथयाट करून सगळं कबूल करतो, जज चष्मा पुसतो. थेटरात शिट्ट्या. न्याय झाला, चला घरी.

या गोष्टींनी आपल्याला एक वाईट खोड लावली. जातद्वेष म्हणजे तोंडातून निघालेली शिवी, असं आपण धरून चाललो. शिवी ऐकू आली नाही तर जात नव्हती. आणि ही खोड थेटरातल्या पब्लिकपुरती असती तर मी लिहायला बसलो नसतो.

आमचं गोसीखुर्द पवनी तालुक्यात. खैरलांजी मोहाडी तालुक्यात. जिल्हा एकच, भंडारा. २९ सप्टेंबर २००६ ला तिथं भोतमांगे या बौद्ध घरातली चार माणसं मारली. सुरेखा, प्रियांका, रोशन, सुधीर. भैय्यालाल तेवढे वाचले. यांच्या शेतातून रस्त्याचं भांडण जुनंच होतं. त्यात एका मारहाणीच्या प्रकरणात सुरेखाबाई आणि प्रियांकानं मारणाऱ्यांची ओळख पटवली. ते पकडले गेले, जामिनावर सुटले, आणि सुटले त्याच दिवशी जमाव या घरावर चालून आला. जमावात सिनेमातला ठाकूर कुणी नव्हता. शेती करणारे, शेजारीपाजारी, रोज तोंड बघणारे लोक होते.

१५ सप्टेंबर २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं अकरापैकी आठ जणांना दोषी धरलं. मग सहांना फाशी, दोघांना जन्मठेप. फाशी म्हटल्यावर पुष्कळांना वाटलं, झाला न्याय. पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागला नाही. बायकांच्या अब्रूवर हात टाकल्याचं कलमही टिकलं नाही. कोर्टाच्या लेखी हा सूड होता. १४ जुलै २०१० ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशीच्या जागी २५ वर्षांची कैद केली. जातीचा मुद्दा तिथंही टिकला नाही. भैय्यालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ ला गेले.

सूड. बरं, सूड तर सूड. मी मॅट्रिक शिकलेला माणूस, मला कायद्यातलं फार कळत नाही. पण मला सांगा, तीच साक्ष त्याच गावातल्या वरच्या घरातल्या बाईनं दिली असती तर तिचं अख्खं घर असं संपवलं असतं काय? सूड घेणाराही आधी हिशेब करतो, समोरच्याला मारलं तर आपल्याला महाग पडेल की स्वस्त. त्या घराचा भाव गावात कुणी ठरवला होता? हा भाव म्हणजेच जात, माझ्या बापहो. तो कुणी शिवी देऊन पुकारत नाही. सगळ्यांना पाठ असतो.

कायद्याची भाषाच तशी होती. १९८९ च्या कायद्यातल्या मोठ्या कलमात, माणूस अनुसूचित जातीचा आहे 'या कारणावरून' गुन्हा झाला, हे सिद्ध करायला लागायचं. म्हणजे मारणाऱ्याच्या मनात शिरून कारण बाहेर काढा. २०१५ च्या दुरुस्तीनं ते बदललं. तो त्या जातीचा आहे हे 'माहीत असताना' गुन्हा केला तरी पुरे. दोन-चार शब्दांचा फरक, पण केवढा! खेड्यात कुणाची जात कुणाला माहीत नसते? खैरलांजीला मात्र हा बदल नऊ वर्षं उशिरा आला. शिवीच्या कलमाची तर वेगळीच तऱ्हा. ती लोकांच्या नजरेसमोर दिलेली पाहिजे. २०२० साली उत्तराखंडच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कुणी नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही. म्हणजे शिवी पाहिजे, मोठ्यानं पाहिजे, आणि ऐकायला पब्लिक पाहिजे. थेटरच की हे!

आता सिनेमावाल्यांकडं वळू. १९५१ चा 'आवारा' घ्या. जज रघुनाथ म्हणतो चोराचा पोरगा चोरच होणार, आणि पुराव्याशिवाय एका माणसाला आत टाकतो. जन्मावरून माणूस ठरवणाऱ्या न्यायाधीशालाच सिनेमा पिंजऱ्यात उभा करतो, त्या काळात ही मोठीच गोष्ट. पण शेवटी निघतं काय? तो आवारा पोरगा जजचंच रक्त. आपल्याला वाईट वाटतं ते जजच्या पोराचं. तो खरोखर चोराच्याच पोटचा असता तर नर्गिस वकिलीचा डगला घालून उभी राहिली असती काय? मला हा प्रश्न कायम छळतो. रक्त खोटं असं सांगायला निघालेली गोष्ट रक्त दाखवूनच सुटका करते.

अमेरिकेतली 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही १९६० ची कादंबरी, १९६२ ला तिचा सिनेमा झाला. टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावर बलात्काराचा खोटा आळ. त्याचा डावा हात निकामी, गुन्हा त्याच्याकडून होणंच शक्य नाही, तरी गोऱ्या ज्युरीनं दोषी ठरवलं. इथवर गोष्ट खरी आहे, शिट्टीबाजी नाही. पण गोष्ट सांगते कोण? गोऱ्या वकिलाची पोरगी. खटला हरून वकील बाहेर पडतो तेव्हा वरच्या गॅलरीतले काळे लोक त्याच्या मानासाठी उठून उभे राहतात. टॉम तुरुंगात गोळ्या खाऊन मरतो तो पडद्याबाहेर. वकील लक्षात राहतो, टॉमला बायको-पोरं होती हे किती जणांना आठवतं?

'जय भीम' २०२१ ला आला. तमिळनाडूतल्या खऱ्या खटल्यावरचा, १९९३ सालचा. आम्ही गोदीतली टोळी खोलीवर मोबाईल भिंतीला टेकवून बघत होतो. कोठडीतला मार बघून कुणी बोलेना. पोलिसांनी रचलेला पळून गेल्याचा बनाव वकील एक एक करून सोडवतो, ते मला फार आवडलं. पुरावा ही कष्टाची चीज आहे, हे तिथं दिसतं. संपल्यावर टोळीतला म्हातारा म्हणाला, "समदं खरं, पन ह्यो वकील बसतो कुठं? आपल्या हद्दीत का न्हाई?" सगळे हसले. म्हाताऱ्यानं एका वाक्यात समीक्षा केली होती. देवासारखा वकील भेटला तरच न्याय, मग न भेटलेल्यांचं काय?

या सगळ्यात जवळचा वाटला तो मराठीतला 'कोर्ट', चैतन्य ताम्हाणेंचा, २०१४ चा. नारायण कांबळे हा लोकशाहीर. आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगारानं जीव दिला. शाहिराचं काम केलं आपल्या नागपूरच्या वीरा साथीदारांनी. २०२१ साली कोरोनानं त्यांना नेलं. या सिनेमात कुणी कुणाला जातीवरून शिवी देत नाही. सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, जज सुट्टीत सहलीला जातो. सगळी साधी माणसं, आणि तरी शाहीर आतच. मेलेल्या कामगाराची बायको साक्षीत सांगते की नवरा गटारात आधी दगड टाकून झुरळं बाहेर येतात का ते बघायचा. झुरळं आली तर आत हवा आहे. एवढं ज्ञान त्या बाईजवळ. पण कॅमेरा वकिलांच्या आणि जजच्या घरच्या माणसांत जाऊन बसतो, तिच्या चुलीपर्यंत पोचत नाही. एवढी एक तक्रार माझी राहिली.

या बाईची साक्ष ऐकताना मला गोदीतली टॅली आठवली. बोटीतून माल उतरतो, टॅली क्लार्क कागदावर नग मांडतो. कागदावर जे चढलं नाही ते बोटीतून उतरलंच नाही, मग आमच्या खांद्याला त्याचा वळ का असेना. कोर्टाचंही असंच. फिर्याद लिहिणाऱ्या हवालदारानं पहिल्या दिवशी जे लिहिलं नाही ते पुढं कुठला वकील कुठून आणणार? पहिली फिर्याद, पंचनामा, डॉक्टरचा दाखला. जात मारली जाते ती इथं, टेबलावर, पंख्याखाली. यावर गोष्टी लिहा की. यात शिट्टी नाही म्हणून कुणी लिहीत नाही.

आणि आमच्याकडं कोर्ट म्हणजे तारीख. धरणाचं भूमिपूजन १९८८ ला राजीव गांधींनी केलं. तेव्हापासून मोबदला आणि तारीख हे शब्द इकडं जोडीनंच फिरतात. माझी आत्या म्हणते, "तारखेले गेली, तारीख घेऊन आली."

तारखांची सगळ्यात मोठी गोष्ट तर आपल्या घरचीच आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. सवर्णांनी दावा लावला, आणि मुंबई हायकोर्टाचा शेवटचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. तीन दिवस कमी दहा वर्षं. आपण जिंकलो. पण कशावर? अस्पृश्यता पाप आहे असं कोर्टानं म्हटलं नाही. तळं नगरपालिकेचं, आणि आपल्याला दूर ठेवायची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचं समोरच्यांना सिद्ध करता आलं नाही, म्हणून. उद्या त्यांनी जुने कागद आणले असते तर? बाबासाहेब त्या दाव्यात प्रतिवादी होते आणि बॅरिस्टरही होते. त्यांना ठाऊक होतं कोर्टात काय मिळतं आणि काय मिळत नाही. म्हणून दावा चालू असताना त्यांनी नुसत्या कोर्टावर भिस्त ठेवली नाही. हा सिनेमा कुणी काढला तर शेवटच्या रिळात काय दाखवणार? जज कागद वाचतोय आणि तळ्याला काही कळत नाही.

खैरलांजीची कोर्टाची गोष्ट कुठून सुरू होते तेही पाहा. एक बाई आणि तिची लेक पोलिसांपुढं खरं बोलल्या, तिथून. सिनेमात साक्ष झाली की पडदा पडतो. इथं साक्षीनंतर लोक घरावर आले.

म्हणून पुढच्या अंकासाठी मागणं आहे. तुमच्यापैकी ज्यानं कुणी पिंजऱ्यात उभं राहून साक्ष दिली असेल, त्यानं लिहून पाठवावं. साक्षीला जाताना एस्टीत शेजारी कोण बसलं, कोर्टाच्या आवारात आरोपीचे भाऊबंद कुठं उभे होते, लिहून घेणाऱ्यानं तुमचं कुठलं वाक्य गाळलं, आणि संध्याकाळी गावात शिरताना पाय कसे पडत होते. शुद्धलेखनाची फिकीर करू नका. आमचंही काही फार धड नाही.