डब्यावरची तारीख आणि संगणकातील नोंद

काही वर्षांपूर्वी एका दुपारी आमच्या ठोक विक्रेत्याचा दूरध्वनी आला. एका चूर्णाची विशिष्ट बॅच उत्पादकाने परत मागविली असून तुमच्याकडे तिच्यातील माल गेलेला दिसतो, तेवढा बाजूला काढून ठेवा, असा निरोप होता. आमच्या औषधालयात तेव्हाही संगणक होता. खरेदीचे बिल क्षणार्धात सापडले. पाच किलो माल, दर, सूट, कर, बिलाची तारीख, सारे बिनचूक नोंदलेले होते. कपाटात सव्वा किलो शिल्लक मिळाले. राहिलेले पावणेचार किलो कोणाच्या पोटात गेले, या प्रश्नाला मात्र त्या यंत्राकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर आमच्याकडेही नव्हते.

रुग्णपत्रके काढून बसलो. त्यांवर ‘मिश्रण ३, सकाळ-सायंकाळ, कोमट पाण्यातून’ एवढेच लिहिलेले. मिश्रण ३ मध्ये ते चूर्ण असते हे आम्हांस ठाऊक. पण त्या दिवशीच्या मिश्रणात कोणत्या बॅचचे चूर्ण पडले होते हे कोणी लिहिले नव्हते. त्यातही आणखी एक घोटाळा होता. डबा अर्धा झाला की साहाय्यक वरून नवी पिशवी ओतीत असे. जुने तळाशी, नवे वर, आणि चमचा फिरला की दोन्ही एक. आपल्यापैकी अनेकांच्या औषधालयांत हेच चालते, हे मी आरोप म्हणून नव्हे तर अनुभवाने लिहितो. शेवटी स्मरणाच्या आधारे, तारखांचा अदमास घेत, सव्वीस रुग्णांना निरोप पाठविला.  एकूण चाळीसएक रुग्ण तरी असावेत. दीड महिन्याने शेजारच्या गावाहून एक वृद्ध स्त्री आल्या. हाताशी असलेली पुडी दाखवून म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, ही शेवटचीच राहिली, नवी द्या.” पुडी त्याच काळातली होती. त्यांना अपाय झाला नव्हता, हे आमचे भाग्य. त्यात आमचे कर्तृत्व काहीच नव्हते.

हा प्रसंग विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की आपल्या व्यवसायात संगणकाविषयी जी चर्चा होते ती बहुधा यंत्राविषयी असते. कोणती प्रणाली घ्यावी, वर्षाला किती खर्च, देयक भ्रमणध्वनीवर जाते का, वगैरे. काय नोंदवायचे हा प्रश्न मागेच राहतो. आमच्या प्रणालीने आम्हांला कधी फसविले नाही. तिला पैशाचा हिशेब ठेवायला सांगितले होते, तो तिने चोख ठेवला. औषधाचा हिशेब आम्ही तिला कधी विचारलाच नव्हता.

उत्पादकाकडे ही साखळी कायद्याने बांधलेली आहे. औषधे नियमांतील परिशिष्ट ‘टी’, म्हणजे आपण ज्याला जीएमपी म्हणतो ते, २००० साली अधिसूचित झाले व २००३ मध्ये सुधारले गेले. प्रत्येक बॅचच्या विक्रीची व वितरणाची नोंद ठेवावी, जेणेकरून गरज पडल्यास ती बॅच त्वरित व संपूर्ण परत घेता येईल, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ज्या कल्पांना मुदत नाही असे मानले जाते त्यांच्या नोंदी साठा संपल्यानंतरही पाच वर्षे जपायच्या असतात. उत्पादक ठोक विक्रेत्यापर्यंत ही नोंद ठेवतो, ठोक विक्रेता दुकानदाराच्या बिलावर बॅच छापतो, आणि साखळी आपल्या दारात येऊन तुटते. कारण आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस स्वतंत्र विक्री परवाना लागत नाही. आणि वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार केल्यास त्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने उत्पादन परवान्यातून सूट दिलेली आहे. ही सूट परंपरेचा मान राखणारी आहे व ती टिकावी असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु ज्याच्यावर निरीक्षकाची नजर नाही त्याने स्वतःची नजर अधिक तीक्ष्ण ठेवावयास हवी. एखाद्या गंभीर प्रसंगी न्यायालयात किंवा वृत्तपत्रांत प्रश्न विचारला गेला, तर ‘आम्हांला नोंदीची सक्ती नव्हती’ हे उत्तर सूट टिकविण्यास उपयोगी पडणार नाही. वत्सनाभ, कुपीलु, भल्लातक, हरताळ यांसारखी परिशिष्ट ‘ई-१’ मधील द्रव्ये असलेले कल्प हाताळणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे.

मुदतीचेही तसेच. शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर क्षीण होते असे सांगितले आणि आसव जुने तितके गुणवत्तर मानले. नियम १६१-ब ने चूर्णाला दोन वर्षांची मुदत दिली. दोहोंतील अंतर मोठे आहे व त्यावर विद्वानांनी अवश्य वाद घालावा. आमच्या विद्यार्थिदशेपासून असे वाद चालूच आहेत. मात्र दोन महिने माना की दोन वर्षे, डब्यावर तारीख नसेल तर दोन्ही मते सारखीच निरुपयोगी. सीलबंद डबा उघडून माल बरणीत ओतला की छापील लेबल कचऱ्यात जाते, आणि त्यासोबत बॅच, उत्पादनाची तारीख व मुदत हे तिन्ही जातात.

त्या प्रसंगानंतर आम्ही जे केले ते हास्यास्पद वाटावे इतके साधे आहे. शंभर पानी वही आणली. कोणताही डबा किंवा पिशवी उघडली की वहीत एक ओळ आणि त्या ओळीचा क्रमांक बरणीवर चिकटवायचा. ओळीत द्रव्याचे नाव, उत्पादक, बॅच, मुदत, उघडल्याची तारीख आणि उघडणाऱ्याची सही. बरणी पूर्ण रिकामी होऊन पुसल्याशिवाय नवा माल ओतायचा नाही. मिश्रण तयार केले की मिश्रणालाही क्रमांक व त्यात पडलेल्या बरण्यांचे क्रमांक. रुग्णपत्रकावर ‘मिश्रण ३’ ऐवजी ‘मिश्रण ३/४७’ एवढा फरक. आरंभी साहाय्यकांनी कुरकुर केली, गर्दीच्या दिवशी ओळी राहूनही गेल्या. सुमारे तीन महिन्यांनी सवय अंगवळणी पडली. मग हीच वही संगणकावरील साध्या तक्त्यात उतरविली. आता बॅचचा क्रमांक टाकला की रुग्णांची नावे समोर येतात. आरंभी आम्ही प्रणाली पुरविणाऱ्यास हीच सोय मागितली होती. त्याने निराळा खर्च सांगितला आणि असे यापूर्वी कोणी मागितले नाही असेही सांगितले. त्याचे दुसरे वाक्य मला अधिक लागले.

एक अनपेक्षित लाभही झाला. उघडल्याच्या तारखा समोर आल्यावर कळले, की काही चूर्णे आमच्याकडे आठ-आठ महिने उघडी पडून असत. किलोचा भाव स्वस्त पडतो म्हणून मोठी पिशवी घ्यायची आणि निम्मे वीर्य हवेला द्यायचे, हा कसला व्यापार? आता ती द्रव्ये पावकिलोच्या पॅकमध्ये घेतो. दर चढा पडतो, परंतु टाकून द्यावा लागणारा माल जवळजवळ थांबला. औषधालयाच्या मालकांनी हा हिशेब स्वतःच्या दुकानात एकदा करून पाहावा.

कच्चा माल घेणाऱ्यांसाठी आणखी एक स्तंभ आवश्यक आहे. बिलावर ‘ब्राह्मी’ लिहिलेले असते. आलेली वनस्पती जलब्राह्मी आहे की मंडूकपर्णी? ‘शंखपुष्पी’ म्हणून केरळात गोकर्ण वापरतात, उत्तरेकडे निराळीच वेल. ‘रास्ना’ उत्तरेकडे एक आणि दक्षिणेकडे कुलिंजनाच्या कुळातील दुसरी. संगणकात नाव एकच टाइप केले की हे सारे भेद पुसले जातात, आणि वर्षअखेरीस साठा तंतोतंत जुळल्याचे समाधान मिळते. म्हणून खरेदीच्या नोंदीत लॅटिन नाव व उपयुक्तांग लिहिलेच पाहिजे. पुरवठादार ते देत नसेल तर विचारावे. दोनदा विचारले की तिसऱ्या वेळी तो आपण होऊन देतो.

आता चिकित्सालयाकडे वळू. आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये ‘नमस्ते’ हे संकेतस्थळ सुरू करून आयुर्वेदीय व्याधिनामांना प्रमाण संज्ञा व संकेतांक दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या व्याधींचा विभाग १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे प्रकाशित झाला. ही घटना आपल्यापैकी अनेकांनी समारंभाची बातमी म्हणून वाचली व विसरली. वस्तुतः तिचा आपल्या टेबलाशी थेट संबंध आहे. आपला आमवाताचा रुग्ण आजवर कोणत्याही गणनेत आमवात म्हणून मोजला गेला नाही. विम्याच्या कागदावर तो दुसऱ्याच नावाने जातो, संशोधनात तो ‘रुग्णानुभव’ म्हणून जातो, म्हणजेच जातच नाही.

यावर ज्येष्ठांचा आक्षेप मी अनेक सभांतून ऐकला आहे आणि तो क्षुल्लक नाही. दोन आमवातांचे निदान एक नसते, संप्राप्ती एक नसते, अग्नी व बल एक नसते. चरकाने दशविध परीक्षा उगाच सांगितलेली नाही. यादीतून एक नाव निवडले की तरुण वैद्याची दृष्टी त्या नावापाशीच थांबेल, ही भीती मला रास्त वाटते. काही प्रणाल्यांत व्याधिनाम निवडताच औषधांची यादी आपोआप पुढे येते; तशी प्रणाली मी स्वतः फुकट मिळाली तरी घेणार नाही. परंतु उपाय संकेतांक टाळणे हा नव्हे. संकेतांकाच्या शेजारी हेतू, दोषदूष्य, अग्नी, कोष्ठ यांसाठी मोकळी जागा हवी व ती भरण्याची शिस्त हवी. ज्या थोर वैद्यांच्या स्मरणशक्तीचे आपण गोडवे गातो, त्यांच्या पश्चात त्यांच्या चिकित्सेतील किती भाग उरला, हेही एकदा प्रामाणिकपणे मोजावे. पुष्कळदा मुलाच्या हाती उरतात ते औषधांचे डबे आणि नाव नसलेल्या चिठ्ठ्या.

औषधाच्या विपरीत परिणामांची नोंद हा आपला सर्वांत दुबळा भाग. आयुष औषधांच्या सुरक्षानिरीक्षणाची व्यवस्था देशात आहे आणि तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. तेथे माहिती पाठविणे म्हणजे शास्त्राची बदनामी, असा समज आपल्यात खोल रुजला आहे. आपण पाठविली नाही तर ती माहिती दुसरे कोणी गोळा करते, बॅच व अनुपानाशिवाय, आणि मग सारा दोष ‘आयुर्वेदीय औषध’ या दोन शब्दांवर येतो. भेसळीच्या मालाचे पाप शास्त्रीय कल्पाच्या माथी मारले गेल्याचे पाहून आपण संतापतो. पण वेगळे दाखविण्यासाठी लागणारा बॅच क्रमांक आपल्याकडे नसतो.

करासंबंधी अधिक लिहीत नाही. तो आपल्या सनदी लेखापालांचा प्रांत. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरील वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हा ज्यांच्या संगणकात मालाची यादी नीट होती त्यांचे काम एका दिवसात उरकले आणि बाकीचे दिवाळीपर्यंत बिले दुरुस्त करीत राहिले, एवढे नमूद करतो.

गोपनीयतेविषयी मात्र लिहिणे भाग आहे. जिव्हेची, त्वचेची, कधी त्याहून खाजगी अवयवांची छायाचित्रे रुग्ण आपल्याला व्हॉट्सॲपवर पाठवितात. ती आपल्या भ्रमणध्वनीवर कौटुंबिक छायाचित्रांच्या शेजारी राहतात, आणि तोच भ्रमणध्वनी सायंकाळी नातवाच्या हाती असतो. संगणकाचा परवलीचा शब्द दुकानातील चौघांना ठाऊक असतो आणि नोकरी सोडून गेलेल्या पाचव्यालाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ही माहिती रुग्णाची आहे हे तत्त्व मान्य केले आहे. ‘आभा’ क्रमांकाशी नोंदी जोडतानाही रुग्णाची संमती हीच पहिली अट आहे. फुकट प्रणाली देऊ करणाऱ्याने रुग्णांची माहिती कोठे साठविली जाते, ती पुढे कोणाला दिली जाते, आणि आपण प्रणाली सोडली तर ती परत कशी मिळते, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी दिल्याशिवाय त्याला दारात उभे करू नये.

संघटनेकडे माझी एक सूचना आहे. प्रत्येक सभासदाने निराळी प्रणाली घेऊन निराळे स्तंभ भरण्यापेक्षा, बरणीची नोंद आणि रुग्णपत्रक यांचा एक छोटा नमुना आपण एकत्र ठरवावा. दहा-बारा रकाने पुरेत. जास्त ठेवले की कोणी भरीत नाही. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांना तो छापील वहीच्या रूपात द्यावा. प्रणाली पुरविणाऱ्यांसमोर एकट्या वैद्याचे चालत नाही, शेकडो सभासदांचा एकच नमुना असेल तर त्यांना तो स्वीकारावा लागेल. आगामी सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय घ्यावा अशी विनंती मी कार्यवाहांना स्वतंत्र पत्राने केली आहे. आमच्या वहीच्या दोन पानांची छायाप्रत त्या पत्रासोबत जोडली असून, सभेपूर्वी ती पाहू इच्छिणाऱ्या व्यवसायबंधूंनी कार्यालयातून मागवून घ्यावी.