वयाला शोभेल असं काहीतरी

दरवर्षी गणपतीला रामनगरला जाताना मी आत्यासाठी साडी नेते. बाबांची ही मोठी बहीण, वय ७१. यंदाही नेली. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात अर्धा तास घालवून निवडलेली, बिस्किटी रंगाची, बारीक तपकिरी काठाची. "मऊ आहे, वयाला शोभेल," असं तिथली मुलगी म्हणाली आणि मलाही ते पटलं.

आत्याने साडी हातात घेतली, "छान आहे गं," म्हणाली आणि देवापुढे ठेवली. संध्याकाळी म्हणाली, "ती ट्रंकेत ठेवून ये." ट्रंक उघडली तर आत बिस्किटी, राखाडी, फिकट बदामी, पुन्हा राखाडी. मोजल्या. अकरा साड्या, त्यातल्या सातांची घडीही मोडलेली नव्हती, किमतीच्या चिठ्ठ्या तशाच. चार माझ्याच होत्या. बाकीच्या आमच्या इतर भाचे-पुतण्यांच्या. मी ट्रंकेपुढे तशीच बसून राहिले. मागून आत्या म्हणाली, "मी म्हातारी झाले ते मला ठाऊक आहे. दरवर्षी कागदात बांधून कशाला सांगता?"

हसत म्हणाली. पण मला लागलं.

या सदरात एरवी मी कुठल्या कुर्त्यावर कुठली ओढणी, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला काय घालावं, असलं लिहिते. स्वतःसाठी किंवा मैत्रिणीसाठी घेताना माणूस डोळ्यांपुढे येतो. तिला पिवळा आवडत नाही, तो इस्त्री करत नाही, हे आपल्याला पाठ असतं. आत्यासाठी घेताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त आकडा होता. सत्तर.

ट्रंकेच्या तळाशी, जुन्या धोतरात गुंडाळलेली, आणखी एक साडी होती. हिरवीगार इरकल, लाल पदराची. आत्याच्या लग्नातली. ती सासरी गेली ते सुप्याला. आपल्या जोयडा तालुक्याचं जुनं ठाणं सुपे होतं, तालुक्याचं नावही तेच होतं. काळी नदीवर धरण झालं आणि सुपे पाण्याखाली गेलं. तिथली कितीतरी कुटुंबं रामनगरला आली. तुमच्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांची हीच गोष्ट असेल. तेव्हा सामानाच्या गाडीत बसून, मांडीवर घेऊन आणलेली ती साडी. काका गेल्याला नऊ वर्षं झाली, त्यानंतर ती नेसलीच नाही. मी विचारलं, "कुणी नको म्हटलं का?"

"म्हणायला कशाला हवं? तुम्ही सगळे राखाडी आणायला लागलात. मी समजले."

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात पाळायच्या नाहीत. महाराष्ट्र शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. ते वाचून मी किती जोरात टाळ्या वाजवल्या होत्या! फोनवर पाच जणांना पाठवलंही होतं. त्याच वर्षी आत्याला काय दिलं, ते ट्रंकेत होतं. राखाडी, चांदीच्या बुट्टीची.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, आत्या, बेळगावला जाऊ. दादा, म्हणजे तिचा मुलगा, म्हणाला, "या वयात बाजारात धक्के कशाला? काय हवं ते सांग, ऑनलाइन मागवतो." आत्या म्हणाली, "बघितल्याशिवाय काय हवं ते कसं कळणार?" हा मुद्दा बिनतोड आहे. वयस्कर माणसांना ऑनलाइन मागवून देण्यात आपली सोय फार असते, त्यांच्या वाट्याला बाजार येत नाही. आणि निम्मी मजा बाजारात असते. लोंढा, खानापूर करत बस बेळगावला पोचली तेव्हा आत्याने खिडकीतूनच दोन दुकानं हेरून ठेवली होती.

गणपत गल्लीतल्या पहिल्या दुकानात गादीवरचे गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, "आजींसाठी ना? वयाला शोभेलसं दाखवतो," आणि फिक्या साड्यांचा गठ्ठा ओढला. त्यांचा दोष नाही, आपण गिऱ्हाइकांनीच त्यांना ती सवय लावली आहे. मी म्हटलं, आजींनाच विचारा की. मग आत्या बसली आणि चाळीस मिनिटं उठली नाही. मोरपंखी बघितली, डाळिंबी बघितली, चिंतामणी रंगावर बराच वेळ हात ठेवला. शेवटी खरेदी तिथे झालीच नाही. शहापूरला जाऊन तिने इरकल घेतली. आमसुली अंग, लाल पदर. पिकलेला रातांबा फोडल्यावर बोटांना लागतो ना, तो रंग.

इरकल ओळखायला तिने मला तिथेच शिकवलं, ते तुम्हालाही सांगते, कारण या नावाखाली काहीही विकलं जातं. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावावरून हे नाव आलं. हातमागाच्या खऱ्या इरकलीत अंगाचे उभे धागे वेगळे आणि पदराचे वेगळे असतात, आणि विणकर ते एकेक करून एकमेकांत अडकवतो. म्हणून पदर जिथे सुरू होतो तिथे साडी उलटी करून बघायची. आडव्या ओळीत अडकवलेल्या धाग्यांचा जोड बोटाला लागतो. जोड नसेल तर पुढचे प्रश्न विचारायचे. पदर लाल, त्यावर पांढरी नक्षी: कंगव्याचे दात, किल्ल्याचे बुरूज, जोंधळ्याचं कणीस, डोंगराची रांग. आत्याने नक्षीवर बोट फिरवत एकेक नाव घेतलं आणि दुकानदार गप्प होऊन ऐकत राहिला. नंतर त्याने किंमतही थोडी उतरवली. काठ रुंद हवा की अरुंद हे मात्र उंचीवर ठरवा. बुटक्या बाईच्या अंगावर रुंद काठ तिला आणखी बुटकी करतो. (हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते आहे.)

ज्यांना पूर्ण साडी परवडत नाही त्यांच्यासाठी खण आहे. गुळेदगुड्डचा. आता त्याचे कुर्ते, जाकिटं, पिशव्या, अगदी मुलांचे बो-टायसुद्धा होतात. फक्त पन्हा अरुंद असतो, कुर्त्याला जोड द्यावा लागतो. म्हणून कापड घेण्याआधी शिंप्याला विचारा, नंतर नाही.

मला वाटलं, झालं. परतीची बस पकडू. पण आत्याला रस्त्यातलं एक काचेचं, थंडगार, तयार कपड्यांचं दुकान दिसलं आणि ती म्हणाली, "यात म्हाताऱ्यांना सोडतात का?"

सोडतात. तुम्ही आज ज्या दुकानांत शनिवारी रांगा लावता ती फार जुनी नाहीत. टाटांनी लॅक्मे हा सौंदर्यप्रसाधनांचा धंदा विकला, बंगळुरूतलं लिटलवुड्स हे दुकान घेतलं आणि १९९८ मध्ये वेस्टसाइड सुरू केलं. स्वस्तातलं झुडिओ तर २०१६ चं. त्याआधी आपल्याकडे बहुतेक घरांत कापड घेऊन शिंप्याकडेच जायचे, आणि शिंपी प्रत्येकाच्या अंगाचं माप घ्यायचा. वाकलेल्या पाठीचंही. तयार कपड्याचा साचा मात्र ताठ पाठीच्या तरुण अंगावर बेतलेला असतो. वय वाढलं की खांदे थोडे पुढे येतात, पाठीला गोलाई येते. मग कुर्ता मागून वर चढतो, पुढून लोंबतो आणि पाठीत आवळतो. माणसाला वाटतं, आपल्याला हे असले कपडे शोभत नाहीत. शोभण्याचा प्रश्नच नसतो, पाठीला कापड कमी पडलेलं असतं. एक माप मोठं घ्या, बाजूंना फाटा असलेलं घ्या, बाह्या नि लांबी शिंप्याकडून कमी करून घ्या.

आत्याने आयुष्यात पहिल्यांदा ट्रायल रूम बघितली. आत मोठा आरसा आहे हे कळल्यावर दार लावून बराच वेळ बाहेरच आली नाही. तिला सुती कुर्ता आणि सैल पायजमा हवा होता, घरात घालायला. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. चार महिने साडीचा घोळ चिखलातून ओढत न्हाणीघर, गोठा, विहीर करायचं. "हे आधी का नाही सुचवलंत?" म्हणाली. पहिला कुर्ता छान बसला, पण तिने दोन्ही बाजूंना हात घालून बघितलं आणि काढून ठेवला. खिसा नव्हता. दुसऱ्यालाही नव्हता. तिसऱ्याला होता, तो घेतला, हळदीच्या रंगाचा. मोबाइल आणि रक्तदाबाची गोळी, दोन्ही मावतात की नाही ते तिथेच घालून पाहिलं. बटणं मोठी निवडली, कारण सांधे धरलेल्या बोटांनी शर्टाची चिमुकली बटणं लागत नाहीत. भेट म्हणून शर्ट-कुर्ता देणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

मग तिला नातीची आठवण झाली. दादाची मुलगी अकरावीत आहे. आजीने गेल्या दिवाळीला तिला चमकीचा, फुग्याच्या बाह्यांचा ड्रेस घेतला होता आणि तो एकदाही अंगाला लागला नाही, हे आत्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. म्हणजे जे आम्ही आत्याला करत होतो तेच ती नातीला करत होती. मी तिथूनच नातीला फोन लावला. मागणी आली: काळा टी-शर्ट, दोन मापं मोठा, त्यावर काहीही लिहिलेलं नको.

"काळं? भेट म्हणून काळं कोण देतं?" आत्या फोन माझ्या हातात देत म्हणाली. दोन मिनिटं त्या टी-शर्टांपुढे उभी राहिली. मग स्वतःशीच, "संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा देतोच की." घेतला. बिल देताना त्या पोराला विचारलं, "हा फाटका नाही ना? आजकाल फाटके पण विकतात."

चपला शेवटी. कोल्हापुरी. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घाटाच्या चपला दाखवल्या, आधी कोल्हापूरचं नावही न घेता, आणि ओरड झाल्यावर मूळ भारतातलं असल्याचं मान्य केलं, ते तुम्ही वाचलं असेल. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, आणि त्या चारांत बेळगाव आहे. अथणीचे कारागीर पिढ्यान् पिढ्या याच चपला करतात. तेव्हा आपल्या मुलांनी त्या घेताना पाहुण्यासारखं वागू नये. वयस्कर माणसाला देताना मात्र सांभाळून. नवं कातडं कडक असतं, तळवा गुळगुळीत असतो, आणि ओल्या शेणसारवणावर किंवा फरशीवर तो घसरतो. आत्याला आम्ही मागे पट्टा आणि खाली रबरी तळवा असलेली घेतली. दोन-चार दिवस तेल लावून मुरवली आणि मग घालायला दिली. पावसात घालू नका, कितीही मोह झाला तरी.

घरी पिशव्या उघडल्या तेव्हा वहिनीने पदर हातात घेऊन "किती सुंदर!" म्हटलं. दादा काहीच बोलला नाही. थोड्या वेळाने मला बाजूला घेऊन म्हणाला, "लोक नावं ठेवतील तर तिला ऐकावं लागेल, तू पुण्याला निघून जाशील." हे खरं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही फारसं नाही.

विसर्जनाच्या आरतीला आत्या आमसुली इरकल नेसून आली. जुनं लाल पोलकं तिला अजून होत होतं, फक्त काखेत थोडी शिवण उसवावी लागली. शेजारच्या एक काकू आरतीनंतर म्हणाल्याच, "आता या वयात लाल पदर?" दादाने माझ्याकडे बघितलं. आत्याने खिरापतीचं ताट त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणाली, "शहापूरला मिळतो. तुम्हाला हवा असेल तर पुढच्या खेपेला आणते." काकूंनी खिरापत घेतली. हो किंवा नाही काही बोलल्या नाहीत. पण निघताना पदराचा जोड उलटा करून बघत होत्या, ते मी पाहिलं.

तुम्ही या दिवाळीला कुणासाठी काय घ्यायचं ठरवत असाल, तर आधी त्यांची ट्रंक किंवा कपाट एकदा बघून या. घडी न मोडलेलं काय पडून आहे ते कळेल. आजोबांच्या बाबतीत बहुधा मफलर निघतील. एका वर्गमैत्रिणीच्या आजोबांकडे नऊ निघाले, आणि ते राहतात पणजीला.

राहिल्या त्या सात कोऱ्या साड्या. दोन वहिनीने मागून घेतल्या, तिला बिस्किटी रंग खरंच आवडतो. उरलेल्या पाच आत्याने जुन्या लुगड्यांबरोबर ओळखीच्या एका सिद्दी बाईकडे दिल्या. जोयडा, हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची वाकळ शिवतात, तिला त्या कवंदी म्हणतात. धावदोरा कडेपासून घालत घालत मध्यापर्यंत आणायचा, आणि चारही कोपऱ्यांना कापडाची छोटी फुलं लावायची. फुलं लावल्याशिवाय ती पुरी होत नाही.

परवा आत्याचा फोन आला. "मधलं सगळं राखाडीच आहे, तुझीच कृपा. कोपऱ्यांना लाल फुलं लावायला सांगितलीत. जड झाली आहे, टपालाने नको, दिवाळीला ये आणि ने."