फेसाचा आकडा

तिरुवलंचुळीचा पांढरा गणपती समुद्रमंथनाच्या फेसाचा आहे, असं इथं मानतात. म्हणून त्याला पाण्याचा अभिषेक नाही, फक्त कापराची पूड. देवाला ते शोभतं. पिकअपच्या मायलेजला नाही.

जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेत रोलरवर निघतो. एसी बंद, वेग ठरलेला, ना घाट ना खड्डा. दोन गाड्यांची तुलना करायला तो ठीक आहे. हप्त्याचा हिशेब मांडायला नाही.

माझ्या जुन्या हवालदारानं ग्रॅच्युइटी घालून पिकअप घेतली. सांगितले 15, भाजी भरून साताऱ्याहून वाशीला मिळतात 11. महिन्याला 2500 किलोमीटर धरा, म्हणजे 60 लिटर डिझेल जास्त. वर ऐकवतात, "चालवायची पद्धत चुकते." ज्यानं लेहपर्यंत थ्री-टनर नेला, त्याला?

फौजेत प्रत्येक गाडीची कार डायरी असते. तिचं केपीएल रस्त्यावर ठरतं. मग कंपन्यांनी भरल्या गाडीचा आकडा शेजारी छापावा, ही मागणी जास्त आहे का?

तोवर मित्रांनो, सही करण्याआधी त्याच रस्त्यावर तीच गाडी चालवणाऱ्याला गाठा. टाकी फुल ते टाकी फुल त्याला किती मिळतात, ते विचारा. हप्ता त्यावरच ठरवा.