बियाणं तेच, रान वेगळं

आज कपाशीचं नाही, पोराबाळांचं लिहितो.

परवा गावात एक व्याख्याते येऊन गेले. म्हणाले, "मेहनत केली की गरिबाचं पोरगं काहीही होतं. अमेरिकेकडं बघा." टाळ्या पडल्या. मला काही पटलं नाही. उगवण झाली नाही की बियाण्याला शिव्या द्यायच्या आणि रान बघायचंच नाही, असली ही गत.

बरं, अमेरिकाच बघू. कॅनडातले अर्थतज्ज्ञ माइल्स कोराक यांनी 2013 साली देशोदेशीच्या बाप-लेकांच्या कमाईचे आकडे शेजारी शेजारी मांडले. दोन बापांच्या कमाईत 10 टक्के फरक असला, तर अमेरिकेत त्यांच्या पोरांच्या कमाईत साधारण 4.7 टक्के फरक उरतो. डेन्मार्कात फक्त 1.5 टक्के. म्हणजे बापाची गरिबी पोराला चिकटते ती अमेरिकेतच जास्त.

कुणी म्हणेल, डेन्मार्क एवढासा देश. मग कॅनडा घ्या, अमेरिकेच्या बांधाला बांध. तिथं 1.9 टक्के. शेजारच्या रानात पीक येतं न् आपल्यात येत नाही, तर दोष बियाण्याचा का मशागतीचा? अमेरिकेत शाळेचा बराच पैसा त्याच भागातल्या घरा-जमिनीच्या करातून येतो. वस्ती गरीब, की शाळाही गरीब. डेन्मार्कात कॉलेजला फी नाही, उलट शिकणाऱ्याला सरकार दरमहा पैसे देतं. त्यासाठी तिथले लोक करही जबर भरतात, तेही सांगितलं पाहिजे.

आणि आपलं? ओईसीडी या संघटनेनं 2018 साली अंदाज काढला. तळातल्या घराला देशाच्या सरासरी कमाईपर्यंत यायला डेन्मार्कात 2 पिढ्या लागतात, अमेरिकेत 5, भारतात 7. सात पिढ्या!

आमच्या सालगड्याच्या पोरीला दहावीला माझ्या पोरापेक्षा जास्त मार्क होते. पोरगा तालुक्याला कॉलेजात गेला. ती माझ्याच रानात कापूस वेचते. मेहनत कुणाची कमी पडली, सांगा. तिच्या शिक्षणाचं मी तेव्हा विचारलं नाही, ही माझीपण चूक.

ग्रामसभेत आपण रस्ता, गटार, पाणी बोलतो. झेडपी शाळेत मास्तर किती, पोरींना कॉलेजपर्यंत एसटी आहे का, हे कुणी विचारत नाही. येत्या ग्रामसभेत मी विचारणार आहे. तुमच्या गावात कोण विचारणार?