कॅम्बर बदनाम, टो मोकळा

"गाडी खाली बसवलीस ना? मग टायर आतून खाणारच. कॅम्बर वाढतो!" हे वाक्य इथे कॅलिफोर्नियात आल्यापासून इतक्या वेळा ऐकलंय की या वीकांताला म्हटलं, लिहूनच टाकू. हे अर्धसत्य आहे. आणि यापायी लोक भलत्या ठिकाणी पैसे घालतात, खरा चोर मोकळाच राहतो.

माझी गाडी २००१ ची माझदा एमएक्स-५, म्हणजे इकडची लाडकी मियाटा. छोट्या स्प्रिंगा टाकून साधारण ३० मिलिमीटर खाली बसवलेली. चारही चाकांना डबल विशबोन आहेत. त्यांची रचनाच अशी की चाक बॉडीच्या जवळ गेलं की त्याचा माथा आत झुकतो. या झुकण्याला म्हणायचं निगेटिव्ह कॅम्बर. वळणावर गाडी बाहेर कलते, तेव्हा हाच झुकाव बाहेरच्या टायरला रस्त्यावर सपाट उभा करतो. म्हणजे तो फायद्याचा आहे. एक-दीड अंशाने टायरचं काही बिघडत नाही. (सहा-आठ अंश झुकवून गाडी मिरवणाऱ्यांबद्दल बोलत नाहीये, तो वेगळा पंथ आहे :-) )

टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत वळलीत की बाहेर. पावलं आत वळवून चालणारं मूल आठवा, तो टो-इन. गाडीची उंची बदलली की टोसुद्धा सरकतो, आणि इकडे कुणी बघत नाही. थोडा हिशेब करू. चाक सरळ दिशेपासून नुसतं ०.१ अंश वळलेलं असेल, तर दर किलोमीटरला भूमितीच्या हिशेबाने ते पावणेदोन मीटर आडवं घासतं. अर्धा अंश असेल तर जवळजवळ पावणेनऊ मीटर! दहा हजार किलोमीटरचा गुणाकार तुम्हीच करा. कॅम्बर फक्त भार आतल्या कडेवर नेतो, ती कड कानशीसारखी घासायचं काम टो करतो.

ओळखायची खूण सोपी आहे. गाडी उभी करून टायरवर तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो. नुसतीच आतली बाजू एकसारखी झिजलेली असेल तर कॅम्बर. हात अगदी आतल्या कडेपर्यंत घालायचा बरं का, कारण खाली बसवलेल्या गाडीत ती कड बाहेरून दिसतच नाही. माझ्या एका मित्राच्या गाडीचे मागचे टायर बाहेरून नवे दिसत होते, आतून तारा बाहेर आल्या होत्या. आणि हा पठ्ठ्या दर शनिवारी हायवे १७ च्या वळणांवरून सांताक्रूझला जायचा!

मागच्या चाकांचा टो हा नुसता पैशांचा प्रश्न नाहीच. मागे टो-आउट झाला आणि तुम्ही ओल्या वळणावर अचानक अॅक्सिलरेटर सोडलात, तर गाडीचं बूड पुढे यायला बघतं. मागे थोडा टो-इन हवाच हवा, यावर माझी तडजोड नाही.

आता दुकानदारांविषयी. मशीन एक कागद छापून देतं, सगळे आकडे हिरवे, गिऱ्हाईक खूश. पण हिरवा म्हणजे 'पट्ट्यात बसतो' एवढंच, आणि तो पट्टा कारखान्यातून निघालेल्या उंचीच्या गाडीसाठी असतो. डावं चाक पट्ट्याच्या एका टोकाला आणि उजवं दुसऱ्या टोकाला असेल तरी दोन्ही हिरवे, आणि गाडी मात्र एका बाजूला ओढते. आपल्या धंद्यात टेस्ट हिरव्या झाल्या म्हणून कुणी डोळे मिटून रिलीज करतं का? (करतात म्हणा. असो.) बरेच जण तर फक्त पुढचा टो जुळवून गाडी बाहेर काढतात. मियाटाच्या मागच्या चाकांचे कॅम्बर आणि टो दोन्ही बदलता येतात, पण जुन्या गाडीत ते बोल्ट गंजून बसलेले असतात, आणि ते सोडवायचा कंटाळा येतो.

म्हणून माझं म्हणणं, आपले आकडे आपण कागदावर लिहून न्यावेत. माझे रस्त्यासाठीचे असे: पुढे कॅम्बर उणे १.२, मागे उणे १.६, कास्टर ५ अंश (सायकलचा चिमटा तिरका असतो ना, तेच), पुढे टो शून्य, मागे प्रत्येक चाकाला ०.१ अंश टो-इन. आधी मागची चाकं, मग पुढची, नाहीतर स्टिअरिंग वाकडं येतं. कॅम्बर-कास्टर आधी, टो शेवटी, कारण पहिले दोन हलले की टो हलतोच. टायरमधली हवा तपासलेली, टाकी अर्धी, आणि ड्रायव्हरच्या सीटवर माझ्या वजनाइतकं ओझं. एक हजार किलोच्या आसपासच्या गाडीत ८० किलोंनी फरक पडतो.

यावर दुकानात कपाळाला आठ्या पडतात, तासाभराचे जास्त पैसे मागतात. खुशाल द्यावेत. स्प्रिंगा-डॅम्परवर हजार डॉलर उडवणारा माणूस या तासासाठी घासाघीस करतो, याचं मला नवल वाटतं. हत्ती घ्यायचा आणि अंकुशाला पैसे नाहीत म्हणायचं! जो दुकानदार "मागचं नाही करत" म्हणतो, त्याला नमस्कार करून दुसरीकडे जावं. आणि काम झाल्यावर आधीचे नि नंतरचे, दोन्ही आकडे असलेला कागद मागून घ्यावा. मी ते कागद गाडीतच ठेवतो, पुढच्या खेपेला कुठला बोल्ट किती सरकला ते त्यावरून लगेच कळतं.