चांगला दिसणारा दोर का फेकायचा?

१४ मे २०२४ ची संध्याकाळ. राजस्थानातल्या झुंझुनू जिल्ह्यात खेत्रीजवळ कोलिहान नावाची तांब्याची खाण आहे, हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीची. कंपनीचं दक्षता पथक आणि खाणीचे अधिकारी पाहणीसाठी खाली गेले होते. तिथं त्यांची लिफ्ट कोसळली आणि १५ जण सुमारे १८७५ फूट खोलीवर अडकले. रात्रभर बचावकार्य चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी १४ जण जिवंत बाहेर आले, एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. लिफ्टचा दोर तुटला, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

दोन-तीन दिवसांत ही बातमी आपल्या फीडमधून गेलीसुद्धा. पण ‘दोर तुटला’ या दोन शब्दांपाशी जरा थांबायला हवं. कारण पोलादी दोर सहसा असा एकाएकी तुटत नाही. तो महिनोन् महिने आधी सांगत असतो. प्रश्न एवढाच, की ऐकायला कोणी आहे का?

आधी ही यंत्रणा समजून घेऊ. खोल खाणीत जायला जमिनीतून सरळ खाली खोदलेली विहीर असते, तिला शाफ्ट म्हणतात. त्यातून माणसं आणि माल नेणारा लोखंडी पिंजरा म्हणजे केज. वर मोठ्या ड्रमला गुंडाळलेला पोलादी दोर उंच मनोऱ्यावरच्या चाकावरून खाली शाफ्टमध्ये सोडलेला असतो. हाच तो वाइंडिंग रोप. आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टला बहुतेक वेळा तीन-चार दोर असतात. एखादा तुटला तरी बाकीचे लिफ्ट धरून ठेवतात. खाणीतल्या ड्रमच्या यंत्रावर मात्र अख्खा पिंजरा बहुतेकदा एकाच दोराला लटकलेला असतो. शिफ्ट सुटली, की पिंजराभर माणसांचा जीव त्या एका दोरावर.

हा दोर म्हणजे पोलादाच्या कितीतरी तारांचा पीळ. १८३४ मध्ये जर्मनीतल्या क्लाउस्थालच्या खाणीत विल्हेल्म अल्बर्ट यांनी असा तारांचा दोर पहिल्यांदा वापरात आणला. त्याआधी लोखंडी साखळ्या होत्या. साखळीची एक कडी निखळली की खेळ खल्लास. दोराचं तसं नाही. त्याची एक तार तुटली तरी बाकीच्या भार घेतात. म्हणजे दोर आपल्याला वेळ देतो. त्याच्या देखभालीचे सगळे नियम या मिळालेल्या वेळेचा उपयोग कसा करायचा, हे सांगणारे आहेत.

भारतात कोळशाच्या आणि धातूंच्या खाणींचे नियम वेगवेगळे असले, तरी गाभा सारखाच आहे. पहिली गोष्ट, दोराची ताकद त्याच्यावर येणाऱ्या भाराच्या कितीतरी पट हवी. दुसरी, रोज जाणकार माणसाने दोर आणि पिंजरा तपासायचा आणि रजिस्टरमध्ये नोंद करून सही करायची. तिसरी, दोर जिथे पिंजऱ्याला जोडलेला असतो, ते टोक साधारण दर सहा महिन्यांनी कापून टाकायचं आणि नव्याने जोडणी करायची. कापलेला तुकडा उकलून आतल्या तारांची अवस्था बघायची. आणि चौथी, दोराला वयोमर्यादा आहे. सर्वसाधारणपणे साडेतीन वर्षं झाली, की तो उतरवायचा. पुढे वापरायचा तर खास परवानगी लागते.

धडधाकट दिसणारं टोक कापून का टाकायचं? कारण पिंजरा चढता-उतरताना बसणारे हादरे जोडणीपाशी साठतात आणि तिथल्या तारा थकतात. धातू थकतो, हे इंजिनीअरिंगच्या पोरांना नव्याने सांगायला नको. स्टीलची पट्टी पुन्हा पुन्हा वाकवली की शेवटी तुटते, तसंच हे. त्यातच खाणीतलं पाणी आणि ओल. वरून ग्रीस लावलेला दोर झकास दिसतो आणि आतल्या तारांना गंज चढलेला असतो. म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबता येत नाही. चुंबकीय उपकरणाने आतल्या तुटलेल्या तारा शोधता येतात. दक्षिण आफ्रिकेत दोराची ताकद मूळच्या नऊ-दशांशाखाली गेली, की तो बाद करतात. म्हणजे नव्वद टक्के ताकद शिल्लक असतानाच त्याला निरोप!

आणि नेमकं इथंच घोडं पेंड खातं. या नियमांचं पालन केलं, तर हिशेबाच्या वहीत ते नासाडीसारखं दिसतं. चालणारा दोर फेकला. काम बंद ठेवून टोक कापलं. तपासणीत तास गेले, उत्पादन घटलं. उलट नियम एकदा टाळला तर काहीच घडत नाही. दुसऱ्यांदा टाळला तरी काही घडत नाही. मग टाळणं ही सवय होते आणि रजिस्टरमधली ‘ठीक आहे’ ही नोंद दोर न बघताच होऊ लागते. सुरक्षिततेवरचा खर्च दिसतो, वाचलेली माणसं मात्र कुठल्याच ताळेबंदात दिसत नाहीत.

बरं, प्रश्न फक्त दोराचाही नाही. ३० जुलै १९७३ ला इंग्लंडमधल्या मार्कहॅम कोळसा खाणीत दोर शाबूत होता, पण वाइंडरच्या ब्रेकमधला पोलादी दांडा तुटला. पिंजरा तळाशी आदळला आणि २९ पैकी १८ कामगार गेले. दांड्यातला तडा हळूहळू वाढत गेला होता. २७ नोव्हेंबर २०२३ ला दक्षिण आफ्रिकेत रुस्टेनबर्गच्या प्लॅटिनम खाणीत वर येणारा पिंजरा अचानक उलटा खाली जाऊ लागला. आत ८६ जण होते, त्यांतले १३ दगावले. पन्नास वर्षांचं अंतर, देश वेगळे, यंत्रं वेगळी. धडा तोच, की ज्या एका भागावर सगळं तोललेलं आहे, त्याची तपासणी तो बिघडण्याआधी व्हायला हवी.

आपल्याकडे हा विषय आत्ता महत्त्वाचा आहे, कारण नियमांची चौकटच बदलते आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. १९५२ चा खाण कायदा आता व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत विलीन झाला आहे. तपासणी करणारा अधिकारी आता ‘निरीक्षक’ आणि ‘सुविधाकर्ता’ असा दुहेरी भूमिकेत असेल. उद्योगाला मदत करायला हरकत नाही. पण दोर बाद करा, असं ठणकावून सांगायचं असेल, तर तिथं सुविधाकर्ता नको, निरीक्षकच हवा. रजिस्टर मोबाइलवर आलं म्हणून सही खरी होत नाही. आणि दोर बघून ‘आज पिंजरा बंद’ म्हणणाऱ्या फिटरच्या पाठीशी कोण उभं राहणार, हे कायद्याच्या पुस्तकापेक्षा खाणीतल्या वातावरणावर ठरतं.

हे सगळं लांब राजस्थानातलं किंवा आफ्रिकेतलं नाही. नागपूर-भंडारा पट्ट्यात मँगनीजच्या भूमिगत खाणी आहेत, विदर्भात कोळशाच्या आहेत. तिथंही माणसं रोज जमिनीखाली उतरतात. आज मायनिंग, मेकॅनिकल किंवा डिप्लोमा करणाऱ्यांपैकी काहीजण उद्या तिथल्या रजिस्टरवर सही करणार आहेत. सही करण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा. या पिंजऱ्यातून आत्ता मी खाली जाईन का? उत्तर द्यायला अडखळलात, तर दोर बदला. तो कितीही चांगला दिसत असला तरी.