टपरी आधी मोजा, मग हलवा

२०२५च्या पावसाळ्यात पुण्याजवळच्या हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) अतिक्रमणांवर कारवाई सुरू केली. रस्ते रुंद व्हायलाच हवेत. पण त्या रस्त्यांवर पोट भरणाऱ्या टपरीवाल्यांचे आणि मजूरवस्त्यांतल्या दुकानदारांचे काय, याचे उत्तर कोणी द्यायचे?

पहिला आक्षेप असा, की जे बेकायदा आहे त्याला हक्क कसला? २०१४चा पथविक्रेता कायदा नेमके उलट सांगतो. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाही विक्रेत्याला हटवता येत नाही. पुढेही ३० दिवसांची नोटीस लागते. हा शहरांचा कायदा आणि इथे तर ग्रामपंचायत, असे कोणी म्हणेल. पण कायद्यातल्या स्थानिक प्राधिकरणाच्या व्याख्येत जमीनवापर ठरवणारे, पीएमआरडीएसारखे नियोजन प्राधिकरणही येते. आयटी पार्कपुरते शहर आणि टपरीपुरते खेडे, हा दुटप्पीपणा झाला.

दुसरा आक्षेप : वस्तीतल्या दुकानदाराला पुनर्वसनात गाळा मिळतोच की! मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनात पात्र दुकानदाराला, आहे तेवढी पण जास्तीत जास्त २२५ चौरस फूट जागा मोफत मिळते. त्यात जागा मोजली जाते, धंदा मोजला जात नाही. वस्तीतला किराणा चालतो तो पगारापर्यंतच्या उधारीवर, दहा रुपयांच्या तेलावर आणि येता-जाता थांबणाऱ्या गिऱ्हाइकावर. इमारत उभी राहीपर्यंत दुकान बंद राहिले किंवा गाळा मागच्या बाजूला गेला, की हे सगळे तुटते. मॉल किंवा मोबाईलवरचे दुकान ती उधारी देत नाही.

हिंजवडी ज्या तालुक्यात येते, त्या मुळशीला हा धडा नवा नाही. मुळशी धरणाविरुद्धच्या १९२१च्या सत्याग्रहाच्या वेळी धरणाखाली जाणाऱ्या कित्येक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. सावकारांना भरपाई हवी होती, कसणाऱ्यांना जमीन. ज्याच्या हाती कागद होता, त्याचेच पारडे जड ठरले.

म्हणून आता तीन गोष्टी व्हाव्यात. पाडकामाआधी जागामालकाबरोबर प्रत्यक्ष दुकान चालवणाऱ्याचीही नोंद व्हावी. बांधकाम संपेपर्यंत त्याला त्याच रहदारीत तात्पुरती जागा मिळावी. नव्या आराखड्यात गाळे रस्त्याच्या तोंडाशी, तळमजल्यावर असावेत आणि माण-शिवाजीनगर मेट्रोच्या स्थानकांजवळ विक्रीक्षेत्रे आखली जावीत.

हिंजवडी, माण, मारुंजीच्या ग्रामसभांनी तसे ठराव करून पीएमआरडीएकडे पाठवावेत. दुकानदारांची यादी तयार होईपर्यंत एकही टपरी हलता कामा नये.